सहा व्होल्टची समई

जुनी बाइक भारी दिसते. रीलमध्ये तर अजूनच भारी. पण रात्री हायवेवर तिचा हेडलाइट समईएवढा पडतो, तेव्हा काय करायचं? नवा लाइट ठोकायचा की गाडी 'ओरिजिनल' ठेवायची? डोलवीतल्या एका येझदीच्या निमित्ताने केलेली ही वायरिंगची शोधाशोध.

मागच्या जुलैतली गोष्ट. रात्रीचे अकरा वाजून गेले होते. बाबा वडखळहून डोलवीला येत होते. अंतर काही फार नाही, पण मुंबई-गोवा हायवेवरचं ते अंतर पावसाळ्यात, तेही रात्री, म्हणजे काय ते आमच्याकडच्या कुणालाही विचारा. पाऊस धो धो. समोरून ट्रेलर, त्याचा अप्पर थेट डोळ्यांत. ट्रेलर गेला आणि पुढे नुसता अंधार. त्या अंधारात रस्त्यावर एक म्हैस निवांत बसलेली.

बाबांना ती दिसली तेव्हा ती दहा-पंधरा पावलांवर होती. ब्रेक दाबला, गाडी आडवी झाली, बाबा घसरत गेले. म्हैस उठली आणि चालायला लागली. बाबांचा गुडघा सोलला, फूटरेस्ट वाकलं, हेडलाइटची रिंग चेपली. घरी आल्यावर म्हणाले, "काही नाही गं, जरा घसरलो." सकाळी गाडी बघितली तेव्हा खरं काय ते कळलं.

गाडी म्हणजे आमची येझदी २५०. १९७९ची. आजोबांनी सेकंडहँड घेतलेली. डबल सायलेन्सर, एकच दांडा जो किकपण मारतो आणि गिअरपण टाकतो, आणि स्टार्ट झाली की सगळ्या आळीला कळतं. आजोबा गेले, गाडी राहिली. बाबा तिला कुणाला हात लावू देत नाहीत. त्यामुळे मी जेव्हा म्हटलं, "बाबा, एलईडी टाकू या ना, पाचशे रुपयांत काम होईल," तेव्हा उत्तर ठरलेलं होतं, "आजोबांच्या गाडीला ते निळं भूत नको."

मला वाटलं हा नुसता हट्ट आहे. पण शोधत गेले तसं कळलं, अर्ध्या बाबतीत बाबा बरोबर होते आणि अर्ध्या बाबतीत मी.

म्हैस का दिसली नाही?

आधी साधं गणित करू. बारावीला फिजिक्स सोडून दिलेल्यांनाही जमेल असं.

ताशी ४० किलोमीटर म्हणजे गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. काहीतरी दिसलं, मेंदूला कळलं, पाय ब्रेकवर गेला, यात साधारण एक सेकंद जातो. म्हणजे ११ मीटर तर ब्रेक लागायच्या आधीच संपले. ओल्या रस्त्यावर थांबायला अजून पंधरा-सोळा मीटर. टोटल झाले २६-२७ मीटर.

आता आमच्या येझदीचा लाइट. घरामागच्या मोकळ्या जागेत अंधारात मी काळी छत्री धरून उभी राहिले आणि बाबा गाडीवर बसून सांगत होते, "दिसतेय... दिसतेय... आता नाही." टेपने मोजलं तर १५ मीटर. २७ मीटर लागणारी गाडी आणि १५ मीटर दाखवणारा दिवा. मधले १२ मीटर देवाच्या भरवशावर.

आजोबांच्या काळी हे चालून गेलं, कारण रस्त्यावर गाड्याच कमी होत्या आणि समोरून येणाऱ्याचा दिवाही असाच मिणमिणता असायचा. आता समोरून येणारा ट्रेलर आपल्या डोळ्यांची बाहुली बारीक करून जातो. मग आपला पिवळा दिवा असून नसल्यासारखा.

गारी हाय का समई?

पेणला एक जुने गॅरेजवाले काका आहेत. राजदूत, येझदी, बुलेट, जे काही इतरांनी 'भंगारात द्या' म्हटलंय ते त्यांच्याकडे येतं. गाडी स्टार्ट करून त्यांनी लाइट लावला, समोर हात धरून बघितला आणि म्हणाले, "आगं पोरी, ही गारी हाय का समई?"

मी लगेच एलईडीचा विषय काढला. त्यांनी उत्तर न देता मल्टिमीटर काढला. इंजिन बंद, लाइट चालू. आधी बॅटरीवर मोजलं, ६.१ व्होल्ट. मग हेडलाइट उघडून थेट बल्बच्या होल्डरवर मोजलं. ४.६.

दीड व्होल्ट मध्येच कुठेतरी गायब.

"बल्ब बदलून काय करशील? त्याला जेवनच पोचत नाय," काका म्हणाले. पुढचा अर्धा तास जे शिकले ते तीन वर्षं मास कॉममध्ये कुणी शिकवलं नव्हतं.

जुन्या बाइकची खरी अडचण तिचा सहा व्होल्टचा सप्लाय. वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. ३५ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर साधारण ३ अँपिअर घेतो. तेवढ्याच वॅटचा बल्ब ६ व्होल्टवर जवळपास ६ अँपिअर घेणार. म्हणजे त्याच पातळ वायरीतून, त्याच गंजलेल्या स्विचमधून दुप्पट करंट जायला हवा. वायर, स्विच आणि कनेक्शन मिळून फक्त ०.२ ओहमचा अडथळा असला तरी सहा व्होल्टच्या गाडीत एक व्होल्टच्या वर वाटेतच जातो. बारा व्होल्टच्या गाडीत तोच अडथळा अर्धा-पाऊण व्होल्ट खातो, आणि बारामधून अर्धा गेला तर कुणाला पत्ताही लागत नाही.

त्यात साध्या बल्बचा स्वभाव फार नाजूक. व्होल्टेज दहा टक्के कमी झालं तर प्रकाश दहा टक्के नाही, जवळपास तीस टक्के कमी होतो. आमच्या गाडीत व्होल्टेज पंचवीस टक्के पडलं होतं. म्हणजे बल्ब जेवढा प्रकाश देऊ शकत होता, त्याच्या निम्माही बाहेर येत नव्हता. बल्ब मात्र ठणठणीत होता!

मैसूरची गाडी, खाडीची हवा

थोडं मागे जाऊ. जावा ही मूळची चेकोस्लोव्हाकियाची गाडी. रुस्तम आणि फारूख इराणी यांच्या आयडियल जावा कंपनीने ती १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला मैसूरच्या कारखान्यात बनवायला घेतली. १९७३पासून तीच गाडी 'येझदी' नावाने यायला लागली. १९९६ला कारखाना बंद पडला. गाड्या मात्र बंद पडल्या नाहीत. दरवर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदी डे असतो, तेव्हा आपल्याकडच्या शहरांतही त्यांचे ताफे निघतात. २०१८ला जावा आणि २०२२ला येझदी नव्या रूपात परत आल्या, पण त्या नव्या. त्यांचा आणि आमच्या फटफटीचा संबंध आडनावापुरता.

या जुन्या गाड्यांत वीज बनवायला डायनॅमो असतो. उजव्या बाजूच्या झाकणाखाली. क्षमता ४५ वॅट. आता हिशोब करा. ३५ वॅट हेडलाइट, ५ वॅट टेललाइट, वर इग्निशन कॉइल, ब्रेकलाइट, हॉर्न. खर्च कमाईपेक्षा जास्त. त्यात गाडी हळू असली की डायनॅमो पुरेसं कमवतच नाही, सगळा भार बॅटरीवर. आमच्या खड्ड्यांच्या रस्त्यावर गाडी सेकंड-थर्डच्या वर जाते कधी? महिनाअखेरच्या स्टुडंटसारखी बॅटरी कायम कंगाल.

जगाने सहा व्होल्ट कधीच सोडले होते. अमेरिकन गाड्या १९५०च्या दशकातच बारा व्होल्टवर गेल्या. फोक्सवॅगनच्या बीटलनेही १९६७च्या मॉडेलला सहा व्होल्टला रामराम केला. आपल्याकडच्या जुन्या बाइक मात्र त्यानंतरही बरीच वर्षं सहा व्होल्टवरच राहिल्या. ब्रिटिश बाइकवाले तरी कुठे सुखी होते? त्यांच्या दिव्यांचं सामान बनवणाऱ्या लुकासला तिकडचे रायडर गमतीने 'अंधाराचा राजपुत्र' म्हणायचे.

आणि आमचा एक लोकल व्हिलन आहे. धरमतरची खाडी. डोलवी खाडीच्या काठावर. खारी, दमट हवा बारा महिने. पावसाळ्यात चार महिने पाणी. काकांनी हेडलाइटमधली कनेक्शन्स ओढली तर पितळेच्या टोकांवर हिरवा थर. वायरीचं कव्हर सोललं तर आतलं तांबं काळं पडलेलं. हेडलाइटची अर्थ वायर जिथे बॉडीला लावलेली, तिथे खाली गंज आणि वरून मागच्या वेळी मारलेला रंग. "लोक गारीला रंग मारतान आनि अर्थिंग रंगवून टाकतान," काका म्हणाले. रंगातून करंट जात नाही, एवढं तर मलाही माहीत होतं.

मित्राचा एलईडी आणि समोरच्याचे डोळे

मग एलईडीचं काय? माझ्या कॉलेजच्या एका मित्राने त्याच्या काकांच्या आरएक्स १००मध्ये टाकलाय. आम्ही एका संध्याकाळी दोन्ही गाड्या भिंतीसमोर उभ्या केल्या. त्याचा लाइट पांढराशुभ्र, एकदम कडक. पण भिंतीवर बघितलं तर प्रकाशाला ना आकार ना मर्यादा. वर झाडाची फांदी उजळली, बाजूचं कुंपण उजळलं, रस्त्यावर मात्र ठिगळं ठिगळं.

कारण असं, की हेडलाइटचा वाडगा म्हणजे रिफ्लेक्टर आणि पुढची रेषारेषांची काच ही बल्बमधल्या त्या एका बारीक तारेसाठी डिझाइन केलेली असते. तार अमुक जागी आहे हे धरून प्रकाश कुठे पडेल ते ठरतं. त्या जागी दोन बाजूंना चिपा लावलेला एलईडी आला की सगळा हिशोब चुकतो. डिपर मारला तरी समोरच्याच्या डोळ्यांत जातो. म्हणजे त्या रात्री बाबांना ज्याने आंधळं केलं, तोच उद्योग आपण दुसऱ्याशी करायचा.

पावसात तर अजून गंमत. पांढरा-निळा प्रकाश वर उधळला की थेंबांवर आपटून आपल्याच तोंडावर परत येतो. समोर पांढरा पडदा.

शिवाय कितीतरी जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर नसतो, मॅग्नेटच्या कॉइलमधून थेट एसी करंटवर चालतो. म्हणून रेस दिली की लाइट वाढतो, सिग्नलला उभं राहिलं की मंद होतो. अशा एसीवर एलईडी लावला की तो फडफडतो आणि लवकर मरतो. जुन्या ब्रिटिश गाड्यांत तर पॉझिटिव्ह अर्थ असतं, म्हणजे बॉडीला बॅटरीचं प्लस. तिथे डोळे झाकून एलईडी जोडला तर तो पेटणारच नाही किंवा जळून जाईल.

कायदाही आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०६वा नियम सांगतो, की हेडलाइटचा झोत खाली वळलेला हवा. ८ मीटरवर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर कुणाचे डोळे असतील तर ते दिपता कामा नयेत. दीड मीटर म्हणजे समोरून येणाऱ्या बाइकवाल्याच्या डोळ्यांच्या आसपासची उंची.

याचा अर्थ एलईडी वाईट असा नाही. एलईडीसाठीच बनवलेलं पूर्ण हेडलाइट युनिट, ज्याला स्वतःची लेन्स आणि डिपरची स्वच्छ आडवी कड असते, ते उत्तम काम करतं. वीजही कमी खातं. वाईट आहे ती जुन्या वाडग्यात नवा एलईडी कोंबायची घाई.

दोनशे रुपयांची जादू

काकांनी बाबांना एकच विचारलं, "दादा, आधी हाय ती गारी नीट करू का?" याला बाबा नाही म्हणू शकले नाहीत.

बॅटरीपासून हेडलाइटपर्यंत नवी, जाडसर वायर टाकली. घरच्या फिटिंगची नाही, गाडीची, बारीक तारांची. अर्थसाठी हेडलाइटपासून थेट बॅटरीच्या मायनसपर्यंत वेगळी वायर, बॉडीच्या भरवशावर नाही. हँडलचा अप्पर-डिपर स्विच खोलून आतले पितळी पॉइंट पॉलिश पेपरने घासले. सगळी टोकं नवी, चांगली दाबून, वर पेट्रोलियम जेली. आणि फ्यूज! आमच्या गाडीत फ्यूजच्या जागी कुणीतरी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून ठेवली होती. कधी शॉर्ट झालं असतं तर पेट्रोलच्या टाकीखाली वायरिंग पेटलं असतं.

सामान दोनशेच्या आसपास. मजुरी वेगळी, तीही काकांनी बाबांशी घासाघीस करून स्वतःच कमी केली. (हो, उलटी घासाघीस. जुन्या गाडीवाल्यांचं वेगळंच असतं.)

बल्बवर पुन्हा मोजलं. ५.९ व्होल्ट. तोच बल्ब, तीच बॅटरी, आणि प्रकाश दुपटीहून जास्त. बाबा समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आजोबांच्या वेळी असाच होता."

म्हणजे आम्ही इतकी वर्षं ज्याला 'ओरिजिनल' समजून जपत होतो, तो ओरिजिनल लाइट नव्हताच. तो चाळीस वर्षांचा गंज होता.

पण गणित अजून संपलं नाही

त्या रात्री परत छत्री घेऊन उभी राहिले. मला वाटलं, प्रकाश दुपटीहून जास्त, तर अंतरही तीसच्या पुढे जाईल. टेप लावली तर २२ मीटर आणि थोडं.

इथे फिजिक्स दगा देतं. अंतर वाढलं की प्रकाश वर्गाच्या हिशोबाने विरळ होत जातो. दुप्पट लांब बघायचं तर चौपट प्रकाश हवा. २७ लागतात, मिळाले २२. म्हणजे आता ही गाडी रात्री, ओल्या रस्त्यावर ३५च्या स्पीडला सुरक्षित. ४०ला नाही. आणि हायवेवर ३५ने जाणाऱ्याच्या मागे कोण लागतं ते आपल्याला माहितीये.

म्हणून पुढची पायरी, बारा व्होल्ट. डायनॅमो काढून त्या जागी मॅग्नेटवाला अल्टरनेटर, सोबत रेग्युलेटर-रेक्टिफायर आणि पॉइंटऐवजी सीडीआय इग्निशन. जुन्या जावासाठी जर्मनीच्या पॉवरडायनॅमोचे, व्हेप बनावटीच्या सामानाचे असे किट येतात, १०० वॅटच्या आसपासचे. कमाई ४५वरून १००वर. मग ६०/५५ वॅटचा एच-४ हॅलोजन, जो १९७१पासून जगभर चालत आलाय, आरामात झेपतो. पण त्याबरोबर बॅटरी, सगळे बल्ब, हॉर्न, इंडिकेटरचा फ्लॅशर, सगळंच बारा व्होल्टचं लागतं. आणि रिले हवाच, म्हणजे मोठा करंट बॅटरीतून थेट बल्बला जाईल आणि हँडलचा नाजूक स्विच फक्त रिलेला हुकूम देईल. एच-४ तापतोही खूप. जुना होल्डर वितळतो, तोही नवा घ्यायचा.

यावर बाबांचा शेवटचा मुद्दा होता, "मग ती विंटेज राहील का?"

प्रश्न बरोबर आहे. २०२१च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं होऊन गेलेली बाइक 'विंटेज' म्हणून नोंदवता येते, नंबरात 'व्हीए' येतं. अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी, मोठे फेरफार नकोत. आणि विंटेज नोंदणी घेतली की ती रोजच्या वापराला काढता येत नाही. आमची १९७९ची. अजून पन्नाशी यायचीय. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलंय, की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल चालणार नाही. म्हणून काही मोठं करायच्या आधी आरटीओत विचारणं शहाणपणाचं.

काकांचा सल्ला जास्त सोपा होता. परत फिरवता येईल असंच काम करायचं. इंजिनला ग्राइंडर नको, चासीला नवी भोकं नकोत, जुनी वायरिंग कापायची नाही, काढून ठेवायची. किट बोल्टवर बसतं, बोल्टवरच निघतं. जुना डायनॅमो तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवायचा. रोज चालवायची तोवर बारा व्होल्ट. कपाटात ठेवायचे दिवस आले की परत सहा.

तुमच्याकडे जुनी गाडी असेल तर

१. आधी मोजा. मल्टिमीटर दोन-तीनशेला येतो. लाइट चालू ठेवून बॅटरीवर आणि बल्बवर व्होल्टेज बघा. सहा व्होल्टच्या गाडीत पाव व्होल्टपेक्षा जास्त फरक म्हणजे दोष वायरिंगचा.

२. अर्थिंग तपासा. बल्बच्या अर्थपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत वेगळी वायर टाकून बघा. लाइट वाढला, तर चोर सापडला.

३. रिफ्लेक्टर बघा. चांदी उडून काळा पडला असेल तर कुठलाही बल्ब लावा, उपयोग शून्य. आत बोट लावून पुसू नका, उरलेली चमकही जाईल.

४. फ्यूज आहे ना? खरा फ्यूज. चांदी नाही, तार नाही.

५. झोत लावा. सपाट जागी भिंतीपासून ८ मीटरवर गाडी उभी करा, वर एकजण बसू द्या. हेडलाइटच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखा. डिपरचा झोत त्या रेषेच्या साधारण तीन इंच खाली राहिला पाहिजे. डबल सीट बसलं की झोत वर जातो, हेही लक्षात ठेवा.

६. जोर वाढवायच्या आधी गाडी किती वॅट बनवते ते विचारा. कमाई ४५ आणि बल्ब ६०चा, मग रात्री मध्येच ढकलत यावं लागेल.

गणपतीला आठ दिवस होते तेव्हा गाडी परत रस्त्यावर आली. पेणहून गणपतीच्या गाड्या निघायला लागल्या होत्या, पाठोपाठ चाकरमान्यांच्या रांगा लागणार होत्या. बाबा म्हणाले, "या वर्षी रात्री ३५च्या वर जाणार नाही. शब्द." मी म्हटलं, "आणि पुढच्या वर्षी?"

त्यांनी उत्तर दिलं नाही. पण परवा आजोबांची लोखंडी ट्रंक रिकामी करत होते. कशाला विचारलं तर म्हणाले, "डायनॅमो ठेवायला कोरडी जागा लागेल ना."